'ओपेनहायमर' बघितल्यापासून मला विचारले जाणारे प्रश्न

आधी माझी लायकी सांगते. मी बी.कॉम. आहे, नोकरी हिशेबाची, आणि विज्ञानाशी संबंध दहावीच्या निकालादिवशी संपला. जुलै २०२३ मध्ये भाच्याच्या हट्टामुळे डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून मुंबईत मोठ्या पडद्यावर 'ओपेनहायमर' बघितला, म्हणजे अमेरिकेचा पहिला अणुबॉम्ब करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रमुखाचा सिनेमा. भाचा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. मला वाटलं होतं, तो बघेल आणि मी डुलकी काढेन. झालं उलटंच. तेव्हापासून घरी तीनदा बघून झाला, त्या माणसाबद्दल हाताला लागेल ते वाचून झालं, आणि आता सोसायटीत कुणीही हा सिनेमा लावला की मध्यंतराच्या आसपास मला फोन येतो. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. गोष्ट सगळी फुटणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी इथेच थांबावं.

तीन तासांचा आहे म्हणे. बॉम्ब कधी फुटतो ते सांग, तेवढ्याला बसते.

साधारण दोन तासांनी. पण तेवढ्यालाच बसलात तर फसाल. स्फोट झाल्यावर पुढे तासभर नुसती माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतात, आणि बहुतेकांची तक्रार याच तासाबद्दल असते: "बॉम्ब फुटला, आता हे काय उकरून काढतायत?" मला विचाराल तर सिनेमा खरा तिथे सुरू होतो. बॉम्ब कसा झाला हे पहिल्या दोन तासांत कळतं. त्याबद्दल उत्तर कुणी द्यायचं, कुणाला द्यायचं, आणि प्रश्न विचारण्याचा हक्क कुणाला, हे शेवटच्या तासात. मी ऑडिटच्या वातावरणात वाढलेली बाई आहे, त्यामुळे असेल कदाचित, पण टेबलाच्या पलीकडे बसून फायली उलटणारी माणसं मला स्फोटापेक्षा भीतीदायक वाटली.

मधेच रंगीत, मधेच काळापांढरा. टीव्ही बिघडलाय का?

नाही हो. रंगीत भाग म्हणजे ओपेनहायमरच्या डोक्यातून दिसणारं जग. पटकथेत हे प्रसंग दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलानने चक्क प्रथमपुरुषी, 'मी' वापरून लिहिले होते. काळापांढरा भाग लुईस स्ट्रॉसच्या बाजूचा, म्हणजे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा प्रमुख झालेला, ओपेनहायमरवर डूख धरणारा माणूस. ओळखायची सोपी खूण सांगते. रंगीत, कोंदट, ऑफिसच्या मागच्या खोलीसारखी खोली दिसली की १९५४ सालची ओपेनहायमरची चौकशी. काळापांढरा मोठा दिवाणखाना, कॅमेरे, सिनेटर दिसले की १९५९ सालची स्ट्रॉसची मंत्रिपदासाठीची सुनावणी. बाकी सगळं या दोन खोल्यांतून मागे वळून बघितलेलं आहे. हे एकदा बसलं की गोंधळ निम्मा होतो. आयमॅक्सच्या कॅमेऱ्यात चालेल अशी काळीपांढरी फिल्म आधी अस्तित्वातच नव्हती, ती कोडॅकने या सिनेमासाठी तयार केली. त्या फिल्मवरचा मूळ आयमॅक्स खेळ मात्र जगात जेमतेम तीस ठिकाणी झाला आणि भारतात एकाही नाही. आपण बघितला तो डिजिटल. भाचा याबद्दल अजून हळहळतो. मला काही फरक कळला नसता.

माणसं फार आहेत हो. कोण कोण लक्षात ठेवू?

पाच पुरेत. ओपेनहायमर स्वतः (किलियन मर्फी, त्याचे डोळे बघा). स्ट्रॉस, हा रॉबर्ट डाउनी ज्युनियर आहे हे मला अर्ध्या सिनेमापर्यंत कळलं नव्हतं. जनरल ग्रोव्हज, बॉम्बच्या कामाचा लष्करी प्रमुख, मिशा आणि आवाज. बायको किटी. आणि घाम पुसत असल्यासारखा बसलेला, भुवया जाड असलेला शास्त्रज्ञ एडवर्ड टेलर, कारण शेवटी तोच ओपेनहायमरविरुद्ध साक्ष देतो. बाकीचे नोबेलवाले येतात आणि लग्नातल्या पाहुण्यांसारखे नमस्कार करून जातात.

विज्ञान येत नसेल तर कळेल का?

कळेल, कारण सिनेमात विज्ञान फार थोडं आहे. एवढं ठाऊक असलं की झालं: १९३८ च्या अखेरीस जर्मनीत हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमचा अणू फुटल्याची खूण सापडली. एक अणू फुटताना बाहेर पडणारे न्यूट्रॉन शेजारच्यांना फोडतात, ते त्यांच्या शेजारच्यांना. ही झाली साखळी.

काचेच्या भांड्यांत गोट्या टाकत राहतात ते दृश्य मात्र नीट बघा. मोठ्या भांड्यातल्या गोट्या म्हणजे युरेनियम, पेल्यातल्या म्हणजे प्लुटोनियम. हजारो माणसं ओक रिज आणि हॅनफर्डच्या कारखान्यांत राबत होती ती या गोट्यांसाठी. हिशेबनीस म्हणून मला हे दृश्य फार आवडलं. किती जमलं, किती बाकी, एका नजरेत! पण यातली पुष्कळशी खनिजमाती बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे नावाच्या खाणीतून आली होती. ती खाण पडद्यावर कुठेही नाही. जमेच्या बाजूला गोट्या आहेत, नावेच्या बाजूला काय आहे ते सिनेमा दाखवत नाही. पुढे हिरोशिमाच्या प्रश्नात याच मुद्द्यावर परत येते.

भाच्याच्या आग्रहाखातर आणखी एक. ओपेनहायमर आणि त्याचा विद्यार्थी स्नायडर यांचा मोठा तारा स्वतःच्याच वजनाने कोसळत जातो हे मांडणारा निबंध छापून आला तो १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे ज्या दिवशी हिटलर पोलंडमध्ये घुसला त्याच दिवशी. पुढे ज्याला आपण कृष्णविवर म्हणायला लागलो त्याची ही पायरी. भाचा म्हणतो, युद्ध नसतं तर हा माणूस याच कामासाठी ओळखला गेला असता. सिनेमात ते एका मिनिटात उरकलंय.

स्फोटाला आवाजच नाही. आमच्या टीव्हीचा प्रॉब्लेम होता का?

पुन्हा नाही! लहानपणी वीज चमकली की आजी आकडे मोजायला लावायची आठवतं? तेच. १६ जुलै १९४५ ला पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तो स्फोट झाला तेव्हा ओपेनहायमर ज्या बंकरमध्ये होता तो सुमारे नऊ किलोमीटरवर होता. उजेड डोळे मिटायच्या आत पोचला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे त्याला सव्वीस-सत्तावीस सेकंदं लागली. त्याहून लांबच्या टेकडीवर बसलेल्यांना दीड मिनिट. पडद्यावर ती शांतता मुद्दाम ताणलीय, नुसता श्वास ऐकू येतो. आमच्या खेळाला त्या वेळी कुणाच्या तरी हातातली पॉपकॉर्नची पिशवी चुरचुरली तर अख्ख्या रांगेने वळून बघितलं.

तिथली बारीकसारीक गंमत बरीचशी खरी आहे. वादळामुळे पहाटे चारची वेळ पुढे ढकलावी लागली. टेलरने काळोखात तोंडाला उन्हापासून वाचवणारं क्रीम चोपडलं होतं. फाइनमनने काळा चष्मा न लावता ट्रकच्या काचेतून बघितलं. फर्मीने तर हवेचा धक्का आला त्या क्षणी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि ते किती लांब उडाले यावरून स्फोटाचा अंदाज बांधला. असा हिशेब मला कळतो.

स्फोटासाठी संगणकावर केलेली चित्रं वापरलेली नाहीत, खरीखुरी आग पेटवून ते चित्रित केलंय. याचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझं मत वेगळं आहे: जुन्या खऱ्या चित्रफितीत तो गोळा जसा अंगावर येतो, तसा तो इथे येत नाही. पेट्रोलचा भडका वाटतो. आवाजाने तारलंय.

गीतेचं काय? स्फोटाच्या वेळी तो खरंच "आता मी मृत्यू झालो आहे" म्हणाला होता?

सर्वात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि रागाने येतो. म्हणून जरा सविस्तर.

आधी राग. प्रेयसी जीन टॅटलॉकबरोबरच्या शय्येवरच्या प्रसंगात ती त्याच्यासमोर संस्कृत पुस्तक धरते आणि तो ती ओळ वाचतो. आपल्याकडे यावर मोठा गदारोळ झाला. हा प्रसंग घडल्याचा कुठे दाखला नाही, तो रचलेला आहे. मला तो अपमानकारक नाही वाटला, पण बाळबोध वाटला. नायकाच्या आयुष्यातलं एक मोठं वाक्य लवकर पेरून ठेवायचं म्हणून घुसडलेला. तिथे गीता नसती आणि किराणा मालाची यादी असती तरी प्रसंग तितकाच कृत्रिम झाला असता.

आता खरं काय. ओपेनहायमर बर्कलीत शिकवत असताना आर्थर रायडर या प्राध्यापकाकडे संस्कृत शिकला आणि मूळ गीता वाचू लागला. शोभेपुरतं नाही, नादच होता. आपल्या मोटारीला त्याने 'गरुड' नाव ठेवलं होतं!

"आता मी मृत्यू झालो आहे, जगांचा संहारक" हे तो स्फोटाच्या वेळी मोठ्याने म्हणाल्याची नोंद नाही. ते त्याने १९६५ साली टीव्हीवरच्या एका माहितीपटात सांगितलं, की तेव्हा ती ओळ आठवली. त्याचा भाऊ फ्रँक त्या पहाटे सोबत होता. त्याच्या आठवणीप्रमाणे दोघं एवढंच म्हणाले, "जमलं." मला हे फार पटतं. वर्षअखेरीला ताळेबंद जुळला की आम्हीही एवढंच म्हणतो.

श्लोक अकराव्या अध्यायातला बत्तिसावा: "कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः". पुष्कळ जण म्हणतात की 'काल' म्हणजे वेळ, त्याने मृत्यू केलं, चूक केली. त्याचे गुरू रायडर यांनीही भाषांतरात मृत्यूच लिहिलंय. पण मराठी माणसाने यावर एवढं भांडावं याचं मला हसू येतं. आपण काय म्हणतो? "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." आपल्या म्हणीत काळ म्हणजे यम, आणि घड्याळातल्या वेळेसाठी वेगळा शब्द! ज्ञानोबा याच ठिकाणी "मी काळु गा हें फुडें" म्हणतात, आणि वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदम लागतात, निवडावं लागत नाही. इंग्रजीला निवडावं लागलं, एवढंच. खरी गफलत दुसरीकडे आहे. हे वाक्य गीतेत कृष्ण म्हणतो. ओपेनहायमर कृष्ण नव्हताच. तो फार तर अर्जुन, ज्याला "तू निमित्तमात्र हो" असं पुढच्याच श्लोकात सांगितलंय. अर्जुनाने कृष्णाचं वाक्य तोंडी घेतलं की ऐकायला भव्य वाटतं, पण उत्तरदायित्व कुठल्या कुठे जातं.

सिनेमात नसलेल्या दोन गोष्टी मला त्या प्रसिद्ध ओळीपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात. एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले तेव्हा बॉम्ब जिथे बनत होता त्या लॉस अलामॉसच्या शोकसभेत त्याने सतराव्या अध्यायातलं "यो यच्छ्रद्धः स एव सः" सांगितलं: माणूस श्रद्धेचा घडलेला, जशी श्रद्धा तसा तो. आणि चाचणीच्या दोन रात्री आधी, ताण असह्य झालेला असताना, त्याने सरकारच्या युद्धसंशोधनाचे प्रमुख व्हॅनेवर बुश यांना भर्तृहरीचा एक श्लोक स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरात म्हणून दाखवला. "वने रणे शत्रुजलाग्निमध्ये". रानात, रणात, शत्रूंत, पाण्यात, आगीत, पूर्वी केलेली पुण्यंच माणसाला राखतात. हा तोच भर्तृहरी, ज्याचं नीतिशतक वामनपंडितांनी मराठीत आणलं आणि ज्यातलं "प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" आपण शाळेत घोकलं. मी हे वाचलं तेव्हा पोळ्या लाटायच्या थांबले. संहारक वगैरे नंतरचं, टीव्हीसमोरचं. त्या रात्रीचा माणूस आपल्या जमेच्या खात्यात काही पुण्य शिल्लक आहे का ते चाचपडत होता.

मुलांना घेऊन बघू का?

अमेरिकेत सतराच्या आतल्यांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता, आपल्याकडे यू/ए. कारण आपल्याकडे एका उघड्या प्रसंगात नटीच्या अंगावर संगणकाने काळा झगा चढवलाय. ज्या दिग्दर्शकाने स्फोटाला संगणक वापरला नाही, त्याच्या सिनेमात झग्याला वापरावा लागला. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना झग्याचं काही वाटणार नाही, कंटाळा मात्र येईल. दहावीच्या पुढे खुशाल.

विषारी सफरचंद? आईनस्टाईनशी गप्पा? खरं किती?

सफरचंदाची गोष्ट केंब्रिजच्या दिवसांतली. आपले शिक्षक पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या टेबलावर विषारी सफरचंद ठेवल्याचं त्याने मित्रांना सांगितल्याचा उल्लेख चरित्रात येतो. खरं विष होतं का, की मन बिघडलेल्या पोराने रंगवून सांगितलं, यावर चरित्रकारही ठाम नाहीत, आणि त्याच्या नातवाने सिनेमातल्या या भागावर जाहीर नाराजी दाखवली. नील्स बोर ते खाता खाता वाचतात हे सरळ सिनेमावाल्यांचं.

आईनस्टाईनचं बघा. बॉम्बमुळे सगळं वातावरणच पेटेल का, ही शंका १९४२ च्या उन्हाळ्यात खरोखर निघाली होती. टेलरने ती काढली, बेथेने आकडेमोड करून तसं होणं जवळपास अशक्य ठरवलं. पण ती घेऊन ओपेनहायमर धावला तो आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे, मिशिगनमध्ये ते सुट्टीवर होते तिथे. नोलानने कॉम्प्टनच्या जागी आईनस्टाईन बसवला, कारण कॉम्प्टनला प्रेक्षक ओळखत नाहीत. तळ्याकाठचं शेवटचं संभाषणही कल्पनेतलं. मला ही मोकळीक चालते. दोघं पुढे प्रिन्स्टनच्या एकाच संस्थेत होते, बोलले असतीलच की काहीतरी.

स्ट्रॉस खरंच इतका खुनशी होता?

होता, पण सिनेमाने त्याला जरा जास्तच एकटा पाडलाय.

घडलं ते असं. १९४९ मध्ये परदेशात समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) पाठवावीत का यावर संसदीय समितीपुढे ओपेनहायमरने स्ट्रॉसच्या भीतीची चारचौघांत टर उडवली: अणुऊर्जेसाठी फावडंही वापरता येतं, बिअरची बाटलीही. लोक हसले. हसणाऱ्यांपेक्षा ज्याच्यावर हसतात तो जास्त काळ लक्षात ठेवतो. त्याच वर्षी ओपेनहायमरच्या सल्लागार समितीने हायड्रोजन बॉम्ब घाईने करायला विरोध केला, आणि लष्कर, हवाई दल, टेलर असे बरेच जण एकदम दुखावले. म्हणजे सूड एकट्याचा नव्हता, सोय अनेकांची होती.

१२ एप्रिल १९५४ ला चौकशी सुरू झाली. तिला खटला म्हणत नव्हते, आणि खरी मेख तिथेच होती. खटला असता तर पुरावे दोन्ही बाजूंना बघायला मिळाले असते. इथे सरकारी बाजूच्या रॉजर रॉबपुढे गुप्त फायली होत्या, बचावाच्या वकिलाला त्या उघडायची परवानगी नव्हती. वकिलाशी झालेली बोलणीही चोरून ऐकली जात होती. मग १९४३ चं एक जुनं प्रकरण काढलं. मित्र हाकोन शेव्हालिएने स्वयंपाकघरात सांगितलं होतं की रशियाला माहिती पोचवायची वाट आहे. ओपेनहायमरने नकार दिला, पण नंतर सुरक्षा अधिकाऱ्यांना मित्राचं नाव झाकायला भलतीच गोष्ट रचून सांगितली. का? चौकशीत त्याने दिलेलं उत्तर नोंदीत आहे: कारण मी मूर्ख होतो. जगातल्या हुशार माणसांपैकी एकाला हे कागदावर म्हणावं लागलं.

चौकशी मंडळाने २ विरुद्ध १, आणि अणुऊर्जा आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी त्याची सुरक्षा मंजुरी, म्हणजे सरकारी गुपितं बघायची परवानगी, काढून घेतली. तारीख २९ जून १९५४. त्या मंजुरीची मुदत दुसऱ्या दिवशी आपोआप संपत होती! एक दिवस थांबले असते तर काही करायची गरजच नव्हती. यापेक्षा नेमकं वर्णन खुनशीपणाचं मी करू शकत नाही. स्ट्रॉसचं मंत्रिपद १९५९ मध्ये ४९ विरुद्ध ४६ मतांनी हुकलं, ते सिनेमात आहे. सिनेमात नाही ते असं: १६ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे सिनेमा यायच्या सात महिने आधी, अमेरिकी ऊर्जा खात्याने १९५४ चा तो निर्णय रद्द केला. ओपेनहायमर जाऊन तेव्हा पंचावन्न वर्षं उलटली होती.

हिरोशिमा का दाखवलं नाही?

माझं भांडण आहे ते इथेच. दिग्दर्शकाची बाजू अशी: रंगीत भाग त्याच्या डोक्यातून दिसतो, आणि ओपेनहायमरला बॉम्ब टाकल्याचं इतरांसारखंच रेडिओवरून कळलं. म्हणून आपल्यालाही तेवढंच. व्यायामशाळेतल्या भाषणाचा प्रसंग त्यामुळेच जबरदस्त झालाय. लोक पाय आपटतायत, झेंडे हलतायत, आणि त्याला समोरच्या मुलीच्या चेहऱ्याची कातडी सुटताना दिसते. ती मुलगी म्हणजे नोलानची स्वतःची लेक आहे, हे कळल्यावर दुसऱ्यांदा बघताना पोटात कालवलं.

तरीही. हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत मेलेल्यांचा अंदाज सुमारे १,४०,००० आहे. तीन तासांत त्यातल्या एकाचाही चेहरा नाही. जळलेल्यांची चित्रं दाखवतात तेव्हा कॅमेरा त्याच्या तोंडावर असतो, आणि तो मान खाली घालतो. माणूस मान खाली घालतो हे मान्य, पण सिनेमानेही घालायची का? जपानमध्ये हा सिनेमा तब्बल आठ महिन्यांनी, २९ मार्च २०२४ ला लागला.

आणि लांबचं जाऊ दे, चाचणी झाली ती जागाही ओसाड नव्हती. आसपास गावं होती, गुरं होती, पावसाचं पाणी साठवून पिणारी माणसं होती. लष्कराने त्यांना सांगितलं की दारूगोळ्याचं कोठार उडालं. किरणोत्सारी राख खाली बसत राहिली. अशा बाधितांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेने १९९० मध्ये केला, त्यात या पहिल्या चाचणीची राख वाऱ्याने ज्यांच्यावर आणली त्या लोकांनाच वगळलं होतं. त्यांचा समावेश झाला जुलै २०२५ मध्ये. ऐंशी वर्षांनी.

त्याला पश्चात्ताप झाला होता का?

सिनेमा बघून वाटतं की झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना तो "माझ्या हातांना रक्त लागलंय" म्हणाला हे खरंच घडलं, ऑक्टोबर १९४५ मध्ये, आणि ट्रुमन वैतागले हेही खरं. पण जून १९४५ मध्ये बॉम्ब प्रत्यक्ष वापरण्याला मान्य होण्यासारखा दुसरा पर्याय दिसत नाही असं लिहून देणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांत तो होता. १९६० मध्ये जपानला गेला तेव्हाही बॉम्बच्या तांत्रिक यशात हात असल्याचा पस्तावा नाही असंच बोलला. त्याने कधी माफी मागितली नाही. पश्चात्तापाच्या अलीकडे कुठेतरी तो आयुष्यभर उभा राहिला, सिगरेट ओढत, आणि १९६७ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला. सिनेमातली किटी त्याला सुनावते की पाप करायचं आणि मग आम्ही तुझी कीव करायची, असं चालणार नाही. अख्ख्या सिनेमात मला पटलेलं सर्वात खणखणीत वाक्य ते.

बायकांना काही काम आहे का?

कमी. किटी वनस्पतिशास्त्र शिकलेली होती, इथे तिच्या हाती पेला आणि रडणारं मूल. पण चौकशीत रॉबला ती जे उत्तर देते त्यासाठी एमिली ब्लंटला शंभर गुन्हे माफ. अणू फुटतो म्हणजे नेमकं काय होतं याचा उलगडा आपल्या भाच्यासोबत करणारी, आणि बॉम्बवर काम करायला नकार देणारी लीझ माइट्नर मला कुठे दिसली नाही. तिच्यावर कुणी सिनेमा काढला तर पहाटेची लोकल पकडेन.

भारत कुठे आहे यात?

संस्कृत सोडलं तर नाही, आणि नसावाच. उगाच ओढून आणू नये. मात्र तारखा जुळवायची सवय मला सुटत नाही. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली १ जून १९४५ ला, वाळवंटातल्या त्या पहाटेच्या सहा आठवडे आधी. सुरुवात बंगळुरूत, त्याच वर्षी मुंबईत हलली. आणि ओपेनहायमरने ज्यांच्या हाताखाली गटिंगेनला पीएच.डी. केली ते मॅक्स बॉर्न, नाझींनी नोकरीवरून काढल्यावर, सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळुरूला राहून गेले होते.

घरी मोठ्या माणसांबरोबर बघता येईल का?

खालची अक्षरं चालू ठेवा, कारण नोलानच्या सिनेमात संगीत संवादांवर बसतं, आणि घरी दोन दिवसांत वाटून बघा. माझ्या आईने तसाच बघितला. वय सत्त्याऐंशी, इंग्रजी बेताचं, मी शेजारी बसून सांगत होते. चाचणीआधी ओपेनहायमर बायकोशी खूण ठरवतो: फोनवर उघड बोलता येणार नाही, जमलं तर निरोप येईल, चादरी आत घे. वाळत घातलेल्या चादरी दिसतात, मग स्फोट, मग फोन, निरोप पोचतो. आईने मला थांबवायला लावलं. विचारलं, आसपास कुणी राहत होतं का. मी तिला गावांचं सांगितलं, राखेचं सांगितलं. थोडा वेळ तिने टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, "मग त्या बायकांना कुणी सांगितलं का, चादरी आत घ्या म्हणून?"